पाच वाजताचा गजर आणि एकवीस किलोमीटर

एका ताईंनी पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४२, राहायला डोंबिवली पूर्वेला, नोकरी फोर्टात एका ऑफिसच्या अकाउंट्स विभागात, रोजची ७.५२ची लोकल. गेली तीन वर्षं १ जानेवारीला एकच संकल्प: वजन दहा किलो उतरवायचं आणि पुढच्या मुंबई मॅरेथॉनमध्ये हाफ, म्हणजे २१ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन, पळायची. त्यासाठी रोज पहाटे पाचला उठून पाच किलोमीटर. पहिल्या वर्षी हे सोळा दिवस चाललं, दुसऱ्या वर्षी अकरा, यंदा नऊ. कपाटाच्या दारावर व्हिजन बोर्ड, म्हणजे स्वप्नांच्या फोटोंचा फलक, लावलाय, मोबाइलवर रोज एक प्रेरणादायी व्हिडिओ येतो. आता जून संपत आलाय आणि ताई विचारतायत, "माझ्यातच काही कमी आहे का? प्रेरणा टिकवायची तरी कशी?"

मी ठाण्यात नवशिक्यांच्या रनिंगच्या बॅच घेतो, चौदा वर्षं झाली. शब्द थोडे इकडेतिकडे, पण हा प्रश्न मला दर फेब्रुवारीत कोणी ना कोणी विचारतंच. त्यामुळे उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा.

तुमच्यात काही कमी नाही. हिशेब चुकलाय. रोज पाच म्हणजे आठवड्याला ३५ किलोमीटर. माझ्या बॅचमध्ये दीड-दोन वर्षं पळणारी माणसं आठवड्याला एवढं करतात, तेही एखादा दिवस पूर्ण विश्रांती घेऊन. तुम्ही ते पहिल्याच आठवड्यात मांडलंत, तेही बसून काम करणाऱ्या पायांवर. दमसास लवकर वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध यांना सवय व्हायला महिने लागतात. नवव्या दिवशी थांबलात म्हणून नडग्या वाचल्या असं मी म्हणेन. हेच महिनाभर रेटलं असतंत, तर आज तुम्ही मला नाही, हाडांच्या डॉक्टरांना प्रश्न विचारत असतात.

दुसरा हिशेब झोपेचा. तुम्हीच लिहिलंय की रात्री सगळं आवरून पाठ टेकायला पावणेबारा होतात. पाचला उठलात तर सव्वापाच तास झोप. आठवडाभर अशी झोप झाली की सहाव्या दिवशी गजर बंद करणारा हात आळशी नसतो, तो शहाणा असतो. याला प्रेरणा संपली म्हणायचं कारण नाही.

आता ध्येयाकडे येऊ. तुम्ही एका दोरीला दोन बैल बांधलेत, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. वजन आणि हाफ मॅरेथॉन यांतलं एक ठेवा. माझं मत विचाराल तर वजन सोडा, निदान वर्षभर तरी. वजनकाटा हा फार कोता साक्षीदार आहे. अंगातलं पाणी, मीठ, पाळीचे दिवस, रात्रीची जेवणाची वेळ यांनी तो एका दिवसात किलो-दीड किलो मागेपुढे होतो. तुम्ही आठवडाभर प्रामाणिकपणे पळणार आणि शनिवारी काटा सातशे ग्रॅम जास्त दाखवणार. शिवाय गणित असंही आहे की साधारण अडुसष्ट किलोच्या माणसाने पाच किलोमीटर पळून जाळलेल्या कॅलरी तीनशे-साडेतीनशेच्या आसपास. स्टेशनबाहेर एक वडापाव आणि गोड चहा झाला की खातं पुन्हा शून्यावर. वजनाचा कारभार मुख्यतः स्वयंपाकघरातून चालतो, रस्त्यावरून कमी.

हाफ मॅरेथॉनचं ध्येय मात्र चांगलं आहे. ते मोजता येतं, तारीख ठरलेली आहे, आणि आज तुमच्या आवाक्याच्या थोडं पलीकडे आहे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही दशकं याच विषयावर घालवली. त्यांचं म्हणणं असं की 'जमेल तेवढं करीन' असं म्हणणाऱ्यापेक्षा नेमकं आणि जरा अवघड ध्येय ठेवणारा जास्त पुढे जातो. हे बहुतेक व्याख्यानांत सांगतात. पण त्याच संशोधनातला पुढचा भाग कोणी सांगत नाही: काम अगदी नवं असेल, अजून येतच नसेल, तर आकड्याचं कठीण ध्येय उलट नडतं. तेव्हा शिकण्याचं ध्येय ठेवावं. तुम्हाला आज पळता येत नाही. राग मानू नका, मलाही येत नव्हतं. म्हणून पहिले तीन महिने २१ हा आकडा विसरायचा आणि पळायला शिकायचं, एवढंच.

जाता जाता, 'अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठात ध्येय लिहून ठेवणारे तीन टक्के विद्यार्थी वीस वर्षांनी उरलेल्या सगळ्यांपेक्षा श्रीमंत निघाले' ही गोष्ट तुमच्या व्हिडिओंमध्ये नक्की आली असेल. येल विद्यापीठाचं नाव घेऊन सांगतात. असा अभ्यास तिथे कधी झालेलाच नाही. ध्येय जरूर लिहा, पण या गोष्टीच्या भरवशावर नको.

व्हिजन बोर्डाचं काय करायचं तेही सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख तीनदा आलाय. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'मला जमेल' असा अंदाज असणाऱ्या स्त्रियांचं वजन जास्त उतरलं, हे अपेक्षित होतं. पण ज्या स्त्रिया बारीक झाल्याची गोड स्वप्नं रंगवत होत्या, त्यांचं वजन कमी उतरलं, आणि वर्षाअखेर हा फरक दहा-अकरा किलोंचा होता. अभ्यास लहान होता, पंचवीसच जणींचा. पण मी बॅचमध्ये पाहतो ते याला धरूनच आहे. फिनिश लाइनवर हात वर केलेला फोटो रोज पाहिला की मनाला वाटतं पोचलोच. बोर्ड काढू नका, मुलं विचारतील. फक्त त्या फोटोखाली एक कागद चिकटवा आणि त्यावर लिहा की मंगळवारी सकाळी तुम्हाला नक्की काय अडवणार आहे. पाऊस, डबे, झोप, कुत्री, जे असेल ते. दर अडचणीपुढे त्या वेळी काय करायचं तेही लिहा.

हा कागद तुमच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा मोलाचा आहे, आणि त्याला आधार आहे. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये २४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. एका गटाला प्रेरणेसाठी काहीच दिलं नाही. दुसऱ्या गटाला हृदयविकार आणि व्यायाम यांविषयी प्रेरणा देणारी माहिती वाचायला दिली. तिसऱ्या गटाला तीच माहिती दिली, आणि वर एक वाक्य पूर्ण करायला लावलं: पुढच्या आठवड्यात अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी मी वीस मिनिटं दमदार व्यायाम करीन. पहिल्या गटातल्या ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. प्रेरणा मिळालेल्या दुसऱ्या गटातल्या ३५ टक्क्यांनी. तिसऱ्या गटातल्या ९१ टक्क्यांनी. प्रयोग दोनच आठवड्यांचा होता, सहा महिन्यांचा नाही, हे लक्षात ठेवा. तरी ३८ आणि ३५ हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. प्रेरणेने काही केलं नाही. दिवस, वेळ आणि जागा ठरवल्याने केलं.

तर तुमचं वाक्य मी लिहून देतो, तुम्ही बदला: मंगळवार, गुरुवार आणि रविवार, सकाळी ५.३५ला, ठाकुर्लीचा ९० फूट रस्ता. उठायचं ५.१५ला. मंगळवार-गुरुवारी सव्वासहाला घरात परत. त्यापुढे दीड तास हातात राहतो, ७.५२ चुकणार नाही. आदल्या रात्री झोप अकराला, म्हणजे आठवड्यातल्या दोन रात्री तरी डब्याची भाजी चिरायचं काम दुसऱ्या कोणीतरी घ्यायला हवं. हे घरी बोलावं लागेल. खरं सांगू का, माझ्या बॅचमधल्या बायकांचं रनिंग गुडघ्यापायी बंद पडत नाही, या एका न झालेल्या बोलण्यापायी बंद पडतं. पुरुष 'मी पळायला चाललो' म्हणून निघून जातो. बाई कुकर लावून, दूध तापवून, मग बूट शोधते. नवऱ्याला सांगा, सासूबाईंना सांगा, तीन दिवस कोणती कामं कोण करणार हे नावानिशी ठरवा. 'थोडी मदत करत जा' याला काही अर्थ नाही.

पहिले बारा आठवडे असे काढा. पाच मिनिटं चालणं. मग एक मिनिट हळू पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. शेवटी पाच मिनिटं चालणं. झाली चौतीस मिनिटं. पळताना शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटले तर वेग जास्त आहे. तुम्हाला वाटेल याला पळणं काय म्हणायचं, बाजूने आजोबा चालत पुढे जातायत. जाऊ द्या त्यांना. दर दोन आठवड्यांनी पळण्याचा तुकडा थोडा वाढवा, चालण्याचा कमी करा. पळणं आणि चालणं मिसळायची ही पद्धत अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी लोकप्रिय केली आणि ती नवशिक्यांपुरतीच नाही, पुढे हाफसुद्धा तुम्ही अशीच पूर्ण करू शकता. सप्टेंबरच्या शेवटी न थांबता, किंवा मध्ये थोडं चालत, पाच किलोमीटर झाले की पहिला टप्पा संपला. तिथून जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारच्या शर्यतीपर्यंत साधारण सोळा आठवडे उरतात. तेव्हा रविवारचं अंतर हळूहळू पाचवरून सतरा-अठरावर न्यायचं, दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायचं. शर्यतीआधी २१ एकदाही पळायची गरज नाही. त्या दिवशी गर्दी उरलेले तीन किलोमीटर ओढून नेते.

मुंबईची नोंदणी लवकर भरते आणि हाफसाठीचे नियम नीट वाचावे लागतात, तेव्हा ते आधी करा. हाफ माहीमहून पहाटे सुटते, डोंबिवलीहून निघून वेळेत पोचणं कठीण. दादर-माहीमला आदल्या रात्री उतरता येईल असं कोण आहे याचा आत्ताच विचार करा. जागा मिळाली नाहीच तर डिसेंबरमध्ये वसई-विरारची शर्यत असते, पुण्याची असते. रस्ता तोच, पाय तेच. सप्टेंबरमधल्या सातारच्या हिल मॅरेथॉनला मात्र पहिल्या वर्षी कोणी चढवलं तरी जाऊ नका. अर्धी शर्यत यवतेश्वरचा घाट चढण्यात जाते.

आता सवयीबद्दल. एकवीस दिवसांत सवय लागते असं तुम्ही लिहिलंय, आणि सोळाव्या दिवशी थांबल्याने 'पाचच दिवस कमी पडले' अशी चुटपुट आहे. ती सोडा. एकवीसचा आकडा १९६० च्या सुमाराच्या एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून आला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याचा पळण्याशी काय संबंध? लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक नवी गोष्ट लावून घ्यायला सांगितली आणि ती आपोआप घडू लागायला किती दिवस लागतात ते मोजलं. सरासरी निघाली ६६ दिवसांची, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुळते, व्यायाम उशिरा. त्यातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही.

हे तुमच्यासाठी महत्त्वाचं, कारण तुमचं तिन्ही वर्षांचं थांबणं एकाच जागी झालंय. एक दिवस चुकला, मग 'आता मोडलाच नियम' म्हणून दुसरा, मग सगळंच. उपास मोडल्यावर आपण करतो तसं: साबुदाण्याऐवजी चुकून पोळीचा घास गेला की मग जेवूनच घेऊ. यावर माझ्या बॅचचा एकच नियम आहे. चुकलेला दिवस भरून काढायचा नाही आणि लागोपाठ दोन चुकवायचे नाहीत. पळणं शक्यच नसेल त्या दिवशी दहा मिनिटं बिल्डिंगभोवती चाला, पण बूट घालून, त्याच वेळेला. पायांना त्याचा काही फायदा नाही. वेळ आपल्या ताब्यात राहते, तेवढ्यासाठी.

आणि न जमणारे दिवस आधीच वहीत घाला. तुम्ही अकाउंट्सच्या, म्हणजे सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिटची घाई असणारच. त्या दोन आठवड्यांत फक्त रविवार ठेवा. घरी गणपती असेल तर ते दिवस सुट्टी. नवरात्रात कडक उपास करत असाल तर पळू नका, चाला. दिवाळीत चार दिवस काही नाही. हे आत्ता लिहिलंत की तेव्हा तो नियमभंग ठरत नाही, वेळापत्रक ठरतं. तुम्ही ऑफिसात तरतूद करता तशीच ही तरतूद.

नोंदीसाठी ॲप नको. स्वयंपाकघरात कालनिर्णय असेल, त्यावर दुधाच्या खुणा करत असाल, त्याच चौकोनात पेनाने एक तिरकी रेघ. माझ्या एका बॅचमध्ये एक शिक्षिका होत्या, त्यांनी पूर्ण वर्षाचं कॅलेंडर मला आणून दाखवलं होतं. दूध निळ्या शाईने, पळणं लाल. जुलैत लाल रेघा अगदी विरळ, आठवड्याला एखादी. ऑगस्टमध्ये दोन-तीन. आणि ऑक्टोबरमध्ये एका चौकोनात दूध 'नाही' होतं, पण लाल रेघ होती. "त्या दिवशी भय्या आला नाही, मी गेले," म्हणाल्या.

मी स्वतः काय केलं होतं तेही सांगतो, नाहीतर हे सगळं फार शहाणपणाचं वाटेल. सुरुवातीच्या वर्षी मी आख्ख्या ऑफिसला सांगून ठेवलं होतं की फुल मॅरेथॉन करणार. महिनाभर रोज चहाच्या टपरीवर मीच बोलायचो, बूट कुठले, आहार कुठला. लोक कौतुक करायचे. त्या कौतुकावर पोट इतकं भरलं की लांब पल्ल्याचे तीन रविवार मी बुडवले आणि कोणाला कळलंही नाही. शर्यतीत अठ्ठाविसाव्या किलोमीटरला गुडघा धरून फुटपाथवर बसलो. एका पोलिसाने लिंबू सरबत दिलं. तेव्हापासून मी सांगतो: स्टेटसला टाकू नका. एकाच माणसाला सांगा, पण ५.३५ला कोपऱ्यावर उभं राहणाऱ्या माणसाला. तुमच्या लेडीज डब्यात बघा, अशी एखादी नक्की सापडेल. पहाटेच्या अंधारात सोबत हवीच, आणि त्या रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीही हवी. कुत्रं मागे लागलं तर पळू नका. थांबा, त्याच्याकडे टक लावून बघू नका, सावकाश चालत पुढे जा.

एक गोष्ट मी सगळ्यात आधी विचारायला हवी होती. शेवटची रक्ततपासणी कधी केलीत? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, "इच्छाशक्तीच नाही हो माझ्यात" म्हणत. जिना चढताना मध्ये थांबायच्या. डॉक्टरांकडे पाठवलं, हिमोग्लोबिन ८.६ निघालं. उपचार झाले, चार महिन्यांनी त्याच बाई रविवारी सगळ्यांच्या आधी हजर. त्यांच्या इच्छाशक्तीला काही झालं नव्हतं. तुम्ही चाळिशी ओलांडली आहे, तेव्हा हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, रक्तदाब तपासून घ्या. छातीत दुखणं किंवा चक्कर असं काही कधी झालं असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय बूट घालू नका.

शेवटचा प्रश्न अवघड आहे. ही हाफ तुम्हाला का करायचीय? तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, 'नणंदेने दोन वर्षांपूर्वी केली.' हे कारण वाईट नाही, पण ते पहाटे सव्वापाचला अंथरुणातून उठवत नाही. दुसऱ्याला दाखवायचं ध्येय दुसरा बघत असतो तोवर चालतं, आणि पहाटे कोणी बघत नाही. मी बघितलंय की टिकणारे लोक शेवटी कुठल्यातरी लहानशा, खाजगी कारणाने टिकतात. कोणाला दिवसातली तेवढीच चाळीस मिनिटं कोणी हाक मारत नाही म्हणून. कोणाला पावसातला रिकामा रस्ता आवडतो म्हणून. तुमचं कारण मला माहीत नाही, आणि आज तुम्हालाही सापडेल असं नाही. बारा आठवडे करून बघा. सप्टेंबरअखेर विचारा स्वतःला, नणंद मध्ये न आणता. पळणं आवडलंच नाही असं निघालं तर सोडून द्या, पोहा, टेकडी चढा. मी तर म्हणेन, नीट तीन महिने करून सोडलेली गोष्ट सोडल्याचं वाईट वाटत नाही. नवव्या दिवशी सोडलेलीचं वाटत राहतं.

बूट जुने असतील तर बदला, एक नंबर मोठे घ्या, लांब पळताना पाय थोडे सुजतात. पावसात भिजले तर आतून वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवा, गुरुवारपर्यंत वाळतात. तुम्हाला चष्मा आहे असं लिहिलंय. पुढे झाप असलेली टोपी घ्या, काचांवर पाणी येत नाही. येत्या मंगळवारी पाऊस असणारच.